लॅपटॉपचं कपाळ

खंडेनवमीच्या सकाळी मालनने घरातली हत्यारं पाटावर मांडली. विळी, कोयता, शिलाई मशीनची कात्री, मुलाच्या मोटारसायकलची चावी आणि नवऱ्याचा फूटभर लांब पाना. नवरा दगडू मोहने गावातल्या कारखान्यात फिटर होता. त्याला जाऊन सहा वर्षं झाली, पण पाना दर साली पाटावर येतो आणि पहिलं कुंकू त्यालाच लागतं. कोपरीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आता तीन माणसं राहतात: मालन, मुलगा संदेश आणि सून अक्षदा.

यंदा पाटावर एक नवं हत्यार आलं होतं, अक्षदाचा लॅपटॉप. जुनाच घेतलेला, पण बोट लावलं की पान उलटणारा. मालनला त्याचं भारी कौतुक. तिने तो पाटावर ठेवला आणि तिला प्रश्न पडला की कुंकू लावायचं कुठे? मिटलेल्या झाकणावर लावणं तिला पटेना. झाकण म्हणजे पाठ झाली, आणि पाठीला कुणी कुंकू लावत नाही. म्हणून तिने लॅपटॉप उघडला, त्याचं तोंड आपल्याकडे केलं आणि वरच्या काठाला, जिथे कॅमेऱ्याचा बारका ठिपका असतो, त्याला कपाळ धरलं. हळदीत बोट बुडवून पाच बोटं ओढली. वर कुंकू. मग झेंडूच्या फुलाने पाणी शिंपडलं. पाणी जरा जास्तच पडलं. एक ओघळ कपाळावरून निघून उजव्या काठाच्या फटीत गेला, तो मालनने बघितला. पदराने टिपला आणि हात जोडले.

एकदा हत्यार पूजेला बसलं की त्या दिवशी उचलायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवतात. पण लॅपटॉपला मालनने आपणहून सूट दिली. "ती विद्या आहे," ती अक्षदाला म्हणाली. "तिला काय सुट्टी? चार वाजता खुशाल उचल."

चार वाजता अक्षदाचा वर्ग होता. जर्मनीत राहणाऱ्या मराठी घरांतली अकरा मुलं लॅपटॉपवर जमणार आणि ती त्यांना मराठी वाचायला शिकवणार. तिकडच्या श्रिया नावाच्या बाईंनी हे जमवून आणलं होतं आणि स्पष्ट सांगितलं होतं, आज एक तास शिकवून दाखवा. मुलांच्या आईवडिलांना पटलं तर वर्षभराचा वर्ग तुमचा, नाही तर आणखी दोघीजणी रांगेत आहेत. अक्षदा डोंबिवलीच्या एका शाळेत शिकवायची. त्या शाळेचा मराठीचा वर्ग पोरांअभावी बंद पडला, तेव्हापासून दोन वर्षं ती घरी होती. घरात कधी कुरकुरली नाही. पण रिकाम्या दुपारी ती जुन्या फळ्यावरची खडूची अक्षरं पुसून पुन्हा काढत बसायची, आणि ते मालनला दिसायचं.

त्याच फळ्यावर मालन पंचावन्नाव्या वर्षी लिहायला शिकली होती. साताऱ्याकडच्या तिच्या गावात मुलींनी गुरांमागे जायचं. शाळा तिने लांबून बघितली. लग्न होऊन आलेल्या या सुनेने तिसऱ्याच महिन्यात तिच्या हातात खडू दिला. मालन आज रेल्वेचे फलक, औषधाच्या बाटल्या, मंडळाच्या पावत्या सगळं वाचते. तेव्हा अक्षदाला शिकवता येतं की नाही, याची खात्री जगात सगळ्यांत आधी कुणाला असेल, तर ती मालनला होती.

पावणेतीनला अक्षदाने लॅपटॉप पाटावरून उचलला, हळदकुंकू बघून हसली, ओढणीच्या टोकाने हलकेच पुसलं आणि टेबलावर ठेवला. चालू केला. दहा मिनिटांनी बाहेरच्या खोलीतून हाक आली.

"आत्या, जरा इकडे या."

सासूला आत्या म्हणायची साताऱ्याची रीत अक्षदाने आल्या दिवसापासून उचलली होती. मालन हात पुसत आली. टेबलापाशी अक्षदा दोन्ही हात मागे घेऊन बसली होती आणि लॅपटॉप आपला आपण चालला होता. कुणी बोट लावलेलं नसताना पडद्यावर एक गोल उमटे, विरे, पुन्हा उमटे. अक्षदाने मुलांसाठी केलेलं चित्रांचं पान उघडलं की लगेच मिटे. मिटलेलं उघडावं तर भलतंच काही उघडे. पडद्यावरचा फळा उघडला तर त्यावर वाकड्यातिकड्या रेघोट्या पडल्या.

"कोण करतंय हे?" मालनने विचारलं.

"कुणीच नाही. त्याला वाटतंय आपण बोट लावतोय." अक्षदाने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. पासवर्ड टाकण्याआधीच गोल नाचायला लागले.

संदेश भिवंडीला गोदामात ड्युटीवर होता. त्याने फोनवर सांगितलं, बंद करून चालू कर. ते झालं होतं. मग अक्षदाने स्टेशनजवळच्या रघुला फोन लावला. रघुचं मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान.

"वहिनी, आज नाही हो," रघु म्हणाला. "सगळे स्क्रूड्रायव्हर पूजेला बसलेत. आज एक उचलला तर आमची आई मला उचलेल."

"रघुभाऊ, चार वाजता वर्ग आहे माझा."

"मग टच बंद करून टाका ना. सेटिंगमध्ये जाऊन."

"जाऊ कशी? बोट ठेवायच्या आधी तोच दुसरीकडे जातो!"

"हां," रघु म्हणाला. "ते पण आहे. उद्या दसरा, सकाळी पहिलं गिऱ्हाईक तुमचं."

फोन ठेवून अक्षदा उगाच हसली. मोबाइलवर वर्ग घ्यायचा तर अकरा चेहरे आणि फळा त्या वीतभर काचेत मावत नव्हते, आणि महिनाभर केलेली सगळी पानं लॅपटॉपमध्ये. "बघते, श्रियाताईंना कळवते आज नाही जमणार म्हणून," ती म्हणाली. ते ती अगदी हळू म्हणाली. फटीत गेलेला तो ओघळ मालनच्या डोळ्यांपुढे होता. ते सांगायचं तिने पुढे ढकललं.

"पाच मिनिटं थांब," एवढंच म्हणून ती जिना उतरायला लागली. कुणाकडे जायचं ते तिलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावर क्षिप्रा दाराला झेंडूचं तोरण बांधत होती. ती चाळिशीची, आई हेमाताईंबरोबर राहायची. जन्मापासून दिसत नाही. ठाण्यातच एका बँकेत नोकरी, सकाळी पांढरी काठी घेऊन एकटी जायची, एकटी यायची. मालनला तिची फार कीव यायची. जिन्यात भेटली की मालन न विचारता तिचा दंड धरायची आणि तोंडाने च्च च्च करायची. एकदा क्षिप्रा म्हणाली होती, "काकू, सोडा. मी पडले तर तुम्हालाही घेऊन पडेन. एकीनेच पडू या." मालनला त्याचा राग आला नाही. बिचारी कडवट झाली आहे, एवढंच तिने मनात धरलं.

"मालनकाकू ना? धावत उतरताय," क्षिप्रा म्हणाली. "काय झालं?"

मालनने भडाभडा सांगितलं. मदतीसाठी नव्हे, कुणाला तरी सांगावं म्हणून. क्षिप्राचे हात तोरणावरून खाली आले.

"आपोआप क्लिक होतंय? पण किबोर्ड चालतोय?"

"काय की बाई."

"पासवर्ड टाकता आला?"

"तो टाकला तिने, दोनदा."

"मग चालतोय. चला वर."

मालन थबकली. "पोरी, पडद्याचा बिघाड आहे गं तो. बघावं लागेल."

"पडद्याशी माझं कधी काही अडलंय का?" क्षिप्रा म्हणाली आणि कठड्याला हात लावून पुढे निघालीसुद्धा.

वर येऊन ती अक्षदाच्या खुर्चीत बसली. दोन्ही हात कळांवर फिरवले, एफ आणि जे या कळांवरची बारीक उंचवट्याची खूण चाचपली, बोटं जागेवर आली. मग तिने एकदम तीन कळा दाबल्या. लॅपटॉपमधून एक बाई इंग्रजीत बोलायला लागली.

"ही कोण?" मालन दचकली.

"वाचून दाखवणारी. सगळ्यांच्या लॅपटॉपमध्ये असते. तुम्ही कधी उठवत नाही तिला, एवढंच." क्षिप्रा डोकं किंचित वाकडं करून ऐकू लागली. "अक्षदा, आता पान मिटतंय का?"

अक्षदा वाकली. "नाही! गोल उमटतोय, पण काही होत नाहीये."

"होणार नाही. ही जागी असली की एका स्पर्शाने काहीच उघडत नाही. जिथे बोट लागलं तिथलं नाव फक्त वाचते. उघडायला दोनदा टिचकी लागते. आम्हाला चाचपून मग ठरवायचं असतं ना, म्हणून तशी सोय."

अक्षदा तोंडावर हात ठेवून उभी राहिली. ती दोन वर्षं कॉम्प्युटर शिकली होती आणि हे तिला ठाऊक नव्हतं. लॅपटॉपमधली बाई तेवढ्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती, क्लोज, क्लोज, क्लोज.

"उजवा वरचा कोपरा," क्षिप्रा म्हणाली. "पान मिटायचं बटण तिथेच असतं. तिथे काही लागलंय. पाणी पडलं होतं का?"

अक्षदा म्हणाली, "नाही हो, पाण्याजवळ कधी नेत नाही मी."

बाई पुन्हा क्लोज म्हणाली.

"पडलंय," मालन म्हणाली. "मी पाडलंय. पूजा करताना. कपाळाला कुंकू लावलं, वरून पाणी शिंपडलं. ओघळ आत गेला तो मी बघितलाय. मघापासून सांगणार होते."

अक्षदाने तिच्याकडे बघितलं. रागावली असती तर मालनला सोसलं असतं. तिने नुसती मान हलवली आणि घड्याळाकडे बघितलं. सव्वातीन होऊन गेले होते.

"उघडून लावलंत?" क्षिप्राने विचारलं. "झाकणावर नाही?"

"पाठीवर कसं लावू?"

क्षिप्रा खो खो हसली. "बरोबर आहे. आमच्या बँकेत झाकणावर लावतात, कुणाला सुचलं नाही कधी. काकू, आता एक काम करा. खालचं मंडळ बंद करा. मला ही बाई ऐकूच येत नाहीये."

नवरात्राचं मंडळ इमारतीच्या खालीच होतं आणि दुपारपासून भोंगे लागले होते. अक्षदाच्या हेडफोनची वायर त्याच आठवड्यात तुटली होती. मालन तशीच उतरली. मंडळाचे अध्यक्ष भाऊ खुर्चीत पेंगत होते.

"भाऊ, गाणी बंद करा."

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. अक्षदाचा वर्ग आहे चारला, परदेशातल्या पोरांचा. आणि त्याआधी आता क्षिप्राला ऐकायचंय. पाचपर्यंत बंद ठेवा."

"पाचपर्यंत? मालनताई, लोक म्हणतील मंडळ झोपलं."

"झोपलेलंच होतं. मी उठवलं."

भाऊ हसले. तरी जागचे हलेनात. मग मालन खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्या हातून बिघडलंय, भाऊ. पोरीचं काम जाईल." भाऊंनी उठून आपल्या हाताने बटण फिरवलं. आख्खी गल्ली एकदम शांत झाली. लांब गाडीचा भोंगा ऐकू आला.

मालन वर आली तेव्हा क्षिप्रा ताठ बसली होती. अक्षदाने पंखाही बंद केला होता. पुढची पंधरा मिनिटं मालनने जे बघितलं, ते ती नंतर किती जणांना सांगत राहिली. क्षिप्राचे डोळे दाराच्या चौकटीकडे कुठेतरी लागलेले, आणि बोटं खाली आपलं काम करत होती. कुठे घाई नाही, कुठे चाचपडणं नाही. मालनने आयुष्यभर हातांची कामं बघितली होती. भाकरी थापणारे हात, पाना फिरवणारे हात. चांगल्या कारागिराचा हात कामाच्या आधी जागेवर पोचलेला असतो. या पोरीचे हात तसे होते.

"हे यंत्र धाप टाकतं," क्षिप्रा पुटपुटली. "ऐका. आठ-दहा वेळा टिचक्या मारतं, मग जरा गप्प. त्या गप्पमध्ये आपण पुढे सरकायचं."

तिने खिडकीचं चित्र असलेली कळ आणि एक्स एकदम दाबली, मग एम. बाई काहीतरी लांबलचक म्हणाली. "ही लॅपटॉपच्या सगळ्या अवयवांची यादी," क्षिप्राने सांगितलं. ती बाणाच्या कळेने यादीतून खाली उतरू लागली. टिचक्यांची सर आली की बोटं उचलून थांबायची. सर ओसरली की पुन्हा उतरायची. अर्ध्यावर पोचली आणि दोन टिचक्या लागोपाठ पडल्या. "मिटलं," अक्षदा कळवळली.

"मिटू दे. रस्ता माहीत आहे आता." क्षिप्राने पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या खेपेला ती हव्या त्या ठिकाणी आली. तिथे एकसारख्या नावांची रांग होती. बाई ती नावं वाचत होती आणि दर वेळी सुरुवातीचे शब्द तेच.

"इथे मात्र बोलू नका," क्षिप्रा म्हणाली. "यातलं एक टचस्क्रीन. बाकीचं काय काय आहे, ते नुसत्या नावावरून कळत नाही. चुकून किबोर्डचं काही बंद झालं तर मला या खुर्चीतून उठावं लागेल."

नाव सुरू झालं की टिचकी मध्येच पडून बाईला तोडत होती. क्षिप्राला शेवटचे दोन शब्द ऐकायचे होते आणि नेमके तेच मिळत नव्हते. एकदा, दोनदा, पाचदा. तिच्या कपाळावर घाम आला. अक्षदाला राहवेना. "ताई, मी वाचून सांगू? मला दिसतंय, हेच आहे ते."

"नक्की? शेवटचा शब्द?"

"स्क्रीन. टच स्क्रीन."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्हीच म्हणालात बोलू नका!"

दोघी हसल्या आणि हसता हसताच क्षिप्राने पुढच्या कळा दाबल्या. बाईने काहीतरी विचारलं. क्षिप्राने होकार दिला.

टिचक्या थांबल्या. बाई गप्प झाली. पडदा तळ्यासारखा स्थिर.

"काकू, पडद्यावर हात फिरवा," क्षिप्रा म्हणाली.

"मी? नको गं."

"फिरवा. आता कितीही कुंकू लावा."

मालनने भीत भीत आख्खा पंजा काचेवरून ओढला. काही झालं नाही. पुन्हा ओढला. मग तिने बोटाने काचेवर अ काढला, तोही उमटला नाही. तिने आनंदाने सुनेकडे बघितलं. अक्षदाचे डोळे भरले होते, पण चारला बाराच मिनिटं होती आणि रडायला वेळ नव्हता.

"बोटाने पान उलटणार नाही आता," क्षिप्राने त्या बाईला पुन्हा झोपवून उठता उठता सांगितलं. "माउस आणि कळा वापर. पाणी मात्र आत आहे, उद्या रघुकडून उघडून वाळवून घे. आणि कधी नवं अपडेट आलं तर टच परत चालू होऊ शकतो. तेव्हा हाक मार."

"तुम्ही जाऊ नका ना," अक्षदा म्हणाली. "तासभर बसा आत."

क्षिप्रा आतल्या खोलीत बसली. मालनने तिच्या हातात चण्याच्या प्रसादाची वाटी दिली आणि शेजारी बसली. बाहेर अकरा मुलांचा किलबिलाट सुरू झाला. कुणाचं मराठी लंगडत होतं, कुणाचं पळत होतं. अक्षदाचा आवाज पहिली पाच मिनिटं घट्ट होता. मग तिने विचारलं, आज तुमच्या घरात कुणाकुणाची पूजा झाली? नील नावाच्या एका मुलाने सांगितलं, माझ्या सायकलची. ती म्हणाली, मग सायकलपासूनच सुरू करू या. तिथून तिचा आवाज सैल झाला. हा आवाज मालनच्या ओळखीचा होता. याच आवाजाने तिला क शिकवला होता.

मध्येच काचेवर नख वाजल्याचा बारीक टक आला. मग पुन्हा टक. अक्षदा सवयीने बोटाने पान उलटायला गेली होती आणि पान हलत नव्हतं. मुलं वाट बघत होती. क्षिप्राने चणे चावणं थांबवलं.

"उजवा बाण," ती मालनच्या कानात म्हणाली.

मालन उठली, दारातून सुनेला दिसेल अशी उभी राहिली आणि हवेत बोटाने उजवीकडे बाण काढला. अक्षदाने कळ दाबली, पुढचं चित्र आलं. बाहेरून अकरा मुलं एकदम ओरडली, "घंटी!"

"तुला आतून कसं कळलं गं?" मालनने परत येऊन विचारलं.

"काचेवर वाजलं ना. कळ अशी वाजत नाही."

मालनने कान देऊन बघितलं. तिला मुलांचा गलका आणि डोक्यावरच्या पंख्याची घरघर एवढंच ऐकू आलं. ती बराच वेळ या पोरीकडे बघत राहिली. आठ वर्षं जिन्यात हिचा दंड धरला आणि हिला काय काय येतं ते एकदाही विचारलं नाही, याची तिला लाज वाटली. आणि लाजेपेक्षा जास्त, आपल्या जिन्यात असं माणूस राहतं याचा अभिमान वाटला.

पाचला श्रियाबाईंचा आवाज आला. आईवडिलांना सगळं आवडलं, त्या म्हणाल्या, पण दोन मुलं एकदम लहान आहेत, त्यांच्यासाठी वेगळा वेळ जमेल का? अक्षदा म्हणाली, जमेल. मग पुढच्या रविवारपासून, त्या म्हणाल्या.

अक्षदा आत आली आणि क्षिप्राच्या गळ्यात पडली. क्षिप्राने चण्याची वाटी एका हाताने सांभाळली. मालन बाजूला उभी होती.

"आत्या, तुम्ही का उभ्या?" अक्षदा म्हणाली.

"मी बिघडवलंय ना."

"हो, बिघडवलंत," अक्षदा म्हणाली आणि तिलाही ओढून घेतलं. तेवढ्यात खाली भाऊंनी भोंगा सुरू केला आणि तिघींना एकमेकींचं बोलणं ऐकू येईना.